पंचाहत्तर इंचांचा फळा शाळेत आणण्याआधी

जिल्ह्याच्या पुरवणीत हल्ली एक बातमी सतत दिसते. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून, जवळच्या कारखान्याने सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून) किंवा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून शाळेला ‘इंटरॅक्टिव्ह बोर्ड’ दिला. फोटोत फीत, नारळ, पाहुणे आणि मागे मोठा पडदा. बातमी तिथे संपते आणि पालकांचे प्रश्न तिथून सुरू होतात. हा मोठा टीव्हीच आहे ना? मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्या म्हणता, मग शाळेतच एवढा स्क्रीन कशाला? छप्पर गळतंय ते सोडून लाखभर रुपये इथे का घालायचे?

प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं शाळेने द्यायलाच हवीत. २०१९ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ जाहीर केलं, तेव्हापासून हा विषय सरकारी कागदांत पक्का बसला आहे. त्या नावामागे १९८७ चं ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ होतं, ज्याला आपल्याकडचे जुने गुरुजी ‘खडू-फळा योजना’ म्हणतात. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य मिळावं, असा तिचा हेतू होता. नाव फळ्याचं असलं तरी त्या योजनेत फळ्यासोबत शिक्षकही मोजला होता. डिजिटल फळ्याच्या खरेदीत नेमका तोच हिशेब सुटतो आहे असं मला वाटतं. हा फळा वर्गात यावा, या मताचा मी आहे. पण तो शिक्षकाच्या तयारीच्या मागोमाग यावा, पुढे नाही. असं का, ते पायरीपायरीने पाहू.

हा फळा म्हणजे नेमकं काय

संगणकाचं चित्र मोठ्या पडद्यावर दिसतं आणि त्याच पडद्यावर बोटाने किंवा पेनाने लिहिता, ओढता, पुसता येतं, एवढीच याची व्याख्या. कॅनडातल्या कॅलगरी शहरातल्या स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९९१ मध्ये असा फळा पहिल्यांदा विक्रीला आणला. सुरुवातीला तो संगणक, प्रोजेक्टर आणि स्पर्श ओळखणारा पांढरा फलक अशा तीन वस्तूंचा संच असायचा. प्रोजेक्टर छताला, फलक भिंतीला, संगणक टेबलावर. शिक्षक मध्ये उभे राहिले की त्यांची सावली धड्यावर पडायची, खिडक्या बंद केल्याशिवाय अक्षर दिसायचं नाही आणि काही हजार तासांनी प्रोजेक्टरचा दिवा जायचा.

आज शाळांमध्ये बसतो तो बहुतेक वेळा पॅनल असतो. पडदा स्वतःच प्रकाश देतो, आत अँड्रॉइड असतं, त्यामुळे सावली नाही आणि दिव्याचा खर्चही नाही. अनेक पॅनलांच्या मागे एक खाच असते. तिच्यात एक छोटा संगणक सरकवून बसवता येतो. त्याला ओपीएस म्हणतात. ही खाच आहे का, हे पाहून घ्यावं. आतलं अँड्रॉइड काही वर्षांत जुनं होतं, नवी अ‍ॅप चालेनाशी होतात. खाच असेल तर तेवढा डबा बदलून पडदा पुढेही वापरता येतो.

बोट टेकलं हे त्याला कसं कळतं

मोबाइलची काच आपल्या बोटातली सूक्ष्म विद्युतवाहकता ओळखते. वर्गातल्या बहुतेक पॅनलांची रीत वेगळी आहे. पडद्याभोवतीच्या चौकटीत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे छोटे दिवे ओळीने बसवलेले असतात आणि समोरच्या बाजूला तो प्रकाश टिपणारे संवेदक. काचेच्या अगदी लगत या किरणांचं उभं-आडवं जाळं तयार होतं. बाजेची सुतळी जशी विणलेली असते तसं. बोट टेकलं की काही उभे आणि काही आडवे किरण अडतात, आणि ते जिथे एकमेकांना छेदतात ती बोटाची जागा. हिशेब एवढाच, पण तो सेकंदाला अनेकदा होतो, म्हणून रेघ बोटामागे धावल्यासारखी वाटते.

हे समजलं की वर्गातले निम्मे घोटाळे आपोआप उलगडतात. किरण अडवणारी वस्तू बोटच आहे का, हे फळ्याला ठाऊक नसतं. बाईंच्या साडीचा पदर, सरांची सैल बाही, चौकटीत शिरलेला किडा, कडेला साठलेली धूळ, यांतलं काहीही त्याला बोटच वाटतं. मग कुणी हात न लावता रेघा उमटू लागतात, पान आपोआप उलटतं. ‘बोर्ड बिघडला’ म्हणून तक्रार जाते आणि माणूस येईपर्यंत तो आठवडाभर झाकून ठेवला जातो. कित्येकदा मऊ कोरड्या फडक्याने खालची कड पुसली तरी भागतं. खिडकीतून थेट ऊन पडद्यावर येत असेल तरीही संवेदक गोंधळतात, म्हणून जागा ठरवताना दुपारचं ऊन कुठपर्यंत येतं ते बघावं. आणि सर्वात महत्त्वाचं: पॅनलला लागून खडूचा फळा ठेवू नये. खडूची भुकटी थेट खालच्या चौकटीत जाऊन बसते. फळा हवाच, पण शक्य असेल तर शेजारच्या भिंतीवर हवा.

जुन्या प्रोजेक्टरवाल्या संचांमध्ये आणखी एक भानगड असायची. बोट एका जागी आणि रेघ चार बोटं बाजूला. प्रोजेक्टर किंचित हलला की चित्र आणि फलक यांचा मेळ सुटतो. पडद्यावर ओळीने दिसणाऱ्या खुणांवर बोट टेकवून तो पुन्हा जमवावा लागतो, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. तुमच्या शाळेत असा जुना संच धूळ खात पडला असेल, तर तो मोडीत काढण्याआधी एकदा हे करून पाहायला हरकत नाही.

इंचांचा हिशेब

जाहिरातीतले ७५ इंच म्हणजे पडद्याची तिरकी लांबी. रुंदी साधारण साडेपाच फूट आणि उंची तीन फूट भरते. म्हणजे सुमारे साडेसोळा चौरस फूट. आपला नेहमीचा आठ बाय चार फुटांचा फळा ३२ चौरस फुटांचा. लाखभर रुपये मोजून आणलेला पडदा जुन्या फळ्याच्या जवळपास निम्मा असतो, आणि ६५ इंची घेतला तर निम्म्याहूनही कमी. हे खरेदीच्या वेळी फारसं कुणी बोलत नाही.

यात नुसता आकाराचा प्रश्न नाही. चांगल्या शिक्षकाचा भरलेला फळा आठवून पाहा. डावीकडे तारीख आणि घटकाचं नाव, मध्ये सोडवलेलं उदाहरण, उजवीकडे मुलांनी सुचवलेली दुसरी रीत, खाली कोपऱ्यात गृहपाठ. तास संपेपर्यंत सगळं समोर असतं. एखादं मूल मागे पडलं तर ते मान वर करून पहिली पायरी पुन्हा वाचू शकतं. जपानमध्ये तर फळ्यावर काय, कुठे, कोणत्या क्रमाने लिहायचं याचं शास्त्रच आहे. त्याला ‘बान्शो’ म्हणतात आणि शिक्षक त्याची आखणी तासाआधी करतात. डिजिटल फळ्यावर पुढचं पान आलं की मागचं गायब होतं. हळू चालणाऱ्या मुलाचं यात नुकसान आहे. म्हणून पॅनल आला तरी खडूचा फळा उतरवू नये. उदाहरणाच्या पायऱ्या खडूने फळ्यावर आणि हलणारी, बदलणारी आकृती पॅनलवर, अशी वाटणी माझ्या मते सर्वांत फायद्याची.

खडूने जे होत नाही

मग पॅनलचं खास काम कोणतं? एक तास जवळून पाहू.

नववी-दहावीच्या भूमितीत एक गोष्ट मुलांच्या गळी उतरत नाही. एकाच पायावर, समांतर रेषांच्या मध्ये काढलेल्या त्रिकोणांची क्षेत्रफळं सारखी असतात. पाठ होतं, पटत नाही. ऑस्ट्रियातल्या झाल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं जिओजेब्रा हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पॅनलवर उघडा. पाया ६ एकक, उंची ४ एकक, शिरोबिंदू पायाच्या बरोबर मध्यावर. क्षेत्रफळ १२ चौरस एकक. आता शिरोबिंदू पायाला समांतर रेषेवर उजवीकडे दूर ओढायचा आहे.

इथे शिक्षकाने ओढून दाखवलं, ‘बघा, बारा ते बाराच’ म्हटलं आणि पुढे गेले, तर दोन मिनिटांत तास संपतो आणि मुलांच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी बाई बोट उचलून थांबतात. ‘मी हा बिंदू पार कडेला नेणार आहे. क्षेत्रफळ वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? वहीत लिहा. शेजारच्याला दाखवू नका.’ मग हात वर करायला लावतात. बरीच मुलं ‘वाढेल’ म्हणतात, कारण त्रिकोण लांबच लांब होताना दिसणार आहे. काही ‘कमी होईल’ म्हणतात, तो बारीक होत जातो म्हणून. बाई दोन्ही बाजूंच्या एकेकाला कारण विचारतात. आणि मग ओढतात. आकृती कलंडते, ताणली जाते, कोपऱ्यातला आकडा १२ वर खिळून राहतो. वर्गात कुजबुज होते. ‘का?’ हा प्रश्न आता बाईंना विचारावा लागत नाही. एखादी मुलगी उठून म्हणते, ‘उंची कुठे बदलली?’

खडूने हे करायचं तर दहा त्रिकोण काढावे लागतील आणि तोवर कुतूहल विझलेलं असेल. पॅनलने इथे खरंच काहीतरी दिलं. पण त्याने दिलेल्या हालचालीइतकंच मोलाचं होतं ते बाईंचं थांबणं.

भूगोलातही असंच. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं पाहता येतात, इस्रोचं ‘भुवन’ संकेतस्थळही २००९ पासून आहे. उजनीचं पाणी एका चित्रात इंदापूरच्या बाजूला कुठवर पसरलं आहे आणि दुष्काळी उन्हाळ्यात किती मागे सरकलं आहे, हे भीमाकाठच्या मुलांना पडद्यावर दाखवा. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, हे त्यांनी घरी ऐकलेलं असतं. ‘धरणाचा जलाशय’ ही व्याख्या मग त्यांच्या ओळखीची होते. आपलं गाव, ओढा, शाळेचं छप्पर वरून ओळखताना चौथीची मुलं ज्या उत्साहाने भांडतात, तो नकाशावाचनाचा उत्तम पाठ असतो.

विज्ञानात अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प आहे. विद्युतमंडळ जोडणं, दोलक, पदार्थाच्या अवस्था अशी हाताळता येणारी प्रात्यक्षिकं, तीही फुकट, आणि त्यांतल्या अनेकांचं मराठी रूपांतर उपलब्ध आहे. मात्र खरी बॅटरी, तार आणि बल्ब शाळेत असेल तर आधी तेच मुलांच्या हातात द्यावं. पॅनलवरचा बल्ब बोट भाजत नाही, त्यामुळे काही शिकवणं राहूनही जातं.

इतकं चांगलं आहे, तर इंग्लंडमध्ये निकाल का वाढले नाहीत?

हा सर्वात कठीण आक्षेप आहे आणि त्याला बगल देता येत नाही. या फळ्यांवर सर्वांत आधी आणि सर्वांत मोठा सरकारी खर्च केलेल्या देशांत ब्रिटन होता. २००३-०४ च्या सुमारास तिथल्या सरकारने त्यासाठी कोट्यवधी पौंड दिले आणि काही वर्षांतच इंग्लंडच्या जवळपास प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेत असा फळा पोचला. इतक्या झपाट्याने तो दुसरीकडे क्वचितच पसरला असेल, म्हणून अभ्यासही तिथेच झाले.

लंडनच्या माध्यमिक शाळांमधल्या योजनेचं मूल्यमापन लंडन विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने केलं. अहवाल २००७ मध्ये आला. पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांवर ठळक परिणाम आढळला नाही. सुरुवातीचा उत्साह नव्याची नवलाई ओसरताच कमी झाला. आणि एक निरीक्षण तर आपल्या प्रत्येक शाळेने भिंतीवर लावावं असं आहे: अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या वर्गांत फळ्यामुळे शिकवण्याची गती उलट मंदावली, कारण एकेक मूल उठून फळ्यापाशी जाऊन काहीतरी ओढत होतं आणि बाकीचा वर्ग बसून पाहत होता.

हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. पाहुणे आले की शिक्षक एका चुणचुणीत मुलाला बोलावतात, तो ‘सफरचंद’ या शब्दावरून सफरचंदाच्या चित्रापर्यंत रेघ ओढतो, टाळ्या होतात. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला एक मिनिट द्यायचं म्हटलं तर तास संपला. स्पर्श एकाचा आणि विचार कुणाचाच नाही, अशी गत होते. वरच्या त्रिकोणाच्या तासात फळ्याला हात एकट्या बाईंनी लावला होता, पण अंदाज प्रत्येकाने बांधला होता.

न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राथमिक शाळा पाहिल्या. पहिल्या वर्षी गुणांत थोडी वाढ दिसली, दुसऱ्या वर्षी ती टिकली नाही. फळा असलेल्या तासांचा वेग वाढला होता आणि गटात बसून काम करण्याचा वेळ घटला होता. वेग वाढणं ऐकायला छान वाटतं, पण विचार करायला मुलाला मध्ये शांत जागा लागते.

या निष्कर्षांवरून फळा निरुपयोगी ठरत नाही. फळा बसवला आणि शिकवण्याची रीत तीच ठेवली, तर निकाल तेच राहतात, एवढं ठरतं. विक्रेता ‘अभ्यासाने सिद्ध झालंय’ म्हणाला तर त्याला जरूर विचारा, कोणत्या अभ्यासाने? युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नोंद आहे की ब्रिटनमधल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या कंपन्यांपैकी अवघ्या ७ टक्क्यांनी आपल्या उत्पादनाची कडक चाचणी घेतली होती. कडक चाचणी म्हणजे चिठ्ठ्या टाकून काहींना वस्तू द्यायची, काहींना नाही, आणि दोन्हींकडचं शिकणं ताडून पाहायचं.

म्हणजे पैसा वायाच?

केरळकडे पाहिलं तर तसं म्हणता येत नाही. तिथे शाळांतल्या तंत्रज्ञानासाठी ‘काइट’ ही सरकारी संस्था आहे. जानेवारी २०१८ मध्ये तिच्यामार्फत आठवी ते बारावीचे ४५ हजार वर्ग हायटेक करण्याची योजना सुरू झाली. त्यांनी वर्गांत मुख्यतः लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दिले, म्हणजे साधीच वस्तू. मात्र त्याभोवती बाकी सगळं उभं केलं. मल्याळममधलं साहित्य, लाखाचा परवाना लागत नाही असं मुक्त सॉफ्टवेअर, शिक्षकांचं वारंवार प्रशिक्षण, उपकरणांची हमी आणि विमा, बिघाड कळवायची ठरलेली जागा.

आपल्याकडे नेमकी ही कडी कच्ची आहे. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या हजारो शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. गावांनी पदरचे पैसे घातले, शिक्षकांनी रात्री बसून धडे तयार केले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. म्हणजे कल्पकता इथे आहे आणि लोकांची तयारीही आहे. पण गुरुजींची बदली झाली की त्यांच्या पेनड्राइव्हबरोबर धडेही जातात, पासवर्डही जातो, आणि नवे शिक्षक येतात ते बंद पडद्यापाशी.

दोनशिक्षकी शाळेचं गणित

शहरातल्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही. वाडीवरच्या शाळेत एक शिक्षक दोन किंवा तीन इयत्ता एकत्र बसवून शिकवतो. तिथे पॅनल लागला की मोह होतो तो तिसरीला व्हिडिओ लावून चौथीला शिकवण्याचा. अधूनमधून ते चालेलही. रोजचंच झालं तर तिसरीची मुलं बघे होतात.

तिथे दुसरी वाट आहे. पॅनलवर तिसरीसाठी एकच प्रश्न ठेवायचा. एक चित्र, त्याखाली ‘यात तुम्हाला काय चुकीचं दिसतं? तिघातिघांत बोला आणि पाटीवर लिहा.’ आवाज नाही, हालचाल नाही. पंधरा मिनिटं मुलं आपापसांत गुंतलेली असतात आणि गुरुजी चौथीपाशी. पॅनलचा हा सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत साधा वापर आहे आणि माझ्या मते लहान शाळांना तोच सर्वांत जास्त तारतो.

मराठीत चालेल ना?

बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, पुस्तकांतले क्यूआर कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी मंचावर नेतात. तेव्हा मराठी साहित्य मुळीच नाही, असं नाही. अडचण बारीक ठिकाणी येते. शाळेतल्या संगणकात श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका असतात. त्या पॅनलवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो, कारण त्यात तो फॉण्ट नसतो. असं साहित्य एकदा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी वाचता येईल अशा अक्षरपद्धतीत, आणून घ्यावं लागतं.

विकत घेण्याआधी पॅनलवर ‘कुऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘शुश्रूषा’ हे शब्द टाइप करून आणि पेनाने लिहून बघा. हिंदीसाठी तयार केलेल्या सोयींत मराठीचा ‘ऱ्या’ हमखास अडखळतो. पहिलीच्या मुलासमोर तुटका ‘ऱ्या’ उमटणार असेल तर त्या सोयीचा उपयोग नाही.

डोळे आणि जाहिराती

हातातला मोबाइल वीतभर अंतरावर असतो, तो एकटं मूल पाहतं आणि त्याचं बोट पुढच्या व्हिडिओकडे धावत असतं. वर्गातला पडदा आठ-दहा फुटांवर, सगळ्यांनी मिळून पाहायचा आणि थांबवायचा अधिकार शिक्षकाकडे. म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही. तरी पहिली रांग पडद्याला चिकटलेली नको, प्रकाश बेताचा हवा, आणि शेवटच्या बाकावर स्वतः बसून अक्षर वाचता येतं का ते पाहावं.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. पॅनलवर बऱ्याचदा एखाद्या शिक्षकाचं खासगी खातं उघडं राहतं. मग त्यांचे फोटो, त्यांची पत्रं मधल्या सुट्टीत कुणाही मुलाला दिसू शकतात. व्हिडिओच्या मध्येच नको ती जाहिरात येते. शाळेचं वेगळं खातं काढायचं आणि लागणारे व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून ठेवायचे, एवढ्याने दोन्ही प्रश्न बरेच सुटतात. गावात नेटची रेंज नसेल तर तसंही ते करावंच लागतं.

वीज, वळीव आणि देखभाल

७५ इंची पॅनल दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो असं धरलं, तर पाच तासांना साधारण एक युनिट. बिलाचा बोजा एवढा मोठा नाही. पण थकबाकीपायी शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि वीज तोडलेल्या शाळेत हा फळा म्हणजे नुसती काळी काच. बिल कोण भरणार, सादिलमधून (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून) भागेल की ग्रामपंचायत देईल, हे आधी कागदावर हवं. अर्थिंग तपासून घ्यावं, स्टॅबिलायझर लावावा. मे महिन्यात वळवाच्या पावसात कडाडलेली वीज तारेतून आत येते आणि पॅनल जातो. सुट्टी लागताच प्लग काढून ठेवायची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाकडे असावी.

एवढे पैसेच नसतील तर?

२००७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकणाऱ्या जॉनी ली या तरुणाने व्हिडिओ गेमचा रिमोट आणि अवरक्त दिवा बसवलेलं पेन वापरून कुठल्याही प्रोजेक्टरच्या चित्रावर लिहून दाखवलं होतं. रिमोटची किंमत चाळीस डॉलरच्या आसपास होती. तो प्रयोग आज तसाच करायची गरज नाही, पण त्याने दाखवलेलं खरं आहे: महागडा भाग यातला स्पर्श आहे, आणि बऱ्याच तासांना त्याची गरजच लागत नाही. साधा प्रोजेक्टर, शाळेतला लॅपटॉप, बिनतारी माउस आणि ओपनबोर्डसारखं मुक्त सॉफ्टवेअर एवढ्यावर वरचा त्रिकोणाचा तास जसाच्या तसा होतो. शिवाय माउस मागच्या बाकावर देता येतो, मुलाला उठून पुढे यावं लागत नाही. मी तर म्हणेन, शाळेने पहिलं वर्ष अशाच संचावर काढावं. रोज वापर होतोय असं दिसलं तर पुढच्या वर्षी पॅनल घ्यावा.

समितीच्या बैठकीत काय विचारायचं

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सरकारी शाळेत विकास आराखडाही हीच समिती करते. म्हणजे हा प्रश्न विचारायचा हक्क पालकांना कायद्यानेच दिला आहे. सही करण्याआधी निदान एवढं व्हावं: प्रात्यक्षिक कंपनीच्या माणसाने न देता आपल्याच शाळेच्या बाईंनी, आपल्याच वर्गात, पुढच्या आठवड्यात येणाऱ्या धड्यावर द्यावं. त्यांना जमलं नाही तर दोष त्यांचा नाही. प्रशिक्षण पुरेसं झालेलं नाही, एवढंच त्यातून कळतं. एका दिवसाचं प्रशिक्षण बटणं दाखवण्यात जातं. दोन-तीन महिन्यांनी दुसरी फेरी हवी, जेव्हा शिक्षकांकडे स्वतःचे प्रश्न साठलेले असतात.

आणि तारखा पाहा. निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून पॅनल मार्चमध्ये येतो, एप्रिल परीक्षांत जातो, मे सुट्टीत, आणि हमीचे पहिले तीन महिने खोक्यातच सरतात. हमी बिलाच्या तारखेपासून न धरता, पॅनल वर्गात बसून शिक्षकांचं पहिलं प्रशिक्षण झाल्याच्या तारखेपासून धरावी, ही अट खरेदीच्या आदेशातच लिहून घेता येते. बिघाड कळवल्यापासून किती दिवसांत माणूस येईल, हेही त्याच कागदावर यावं.